आईचा गुडघा बदलायचाय: कातडीला तपकिरी औषध चांगलं की गुलाबी?

बार्शीचा_मास्तर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका.

पुढच्या महिन्यात आईचा उजवा गुडघा बदलायचा ठरलाय. वय ६८, साखर पंधरा वर्षांपासून, गोळ्यांवर आहे. डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं. निघताना सिस्टरने एक गुलाबी औषधाची बाटली हातात ठेवली. क्लोरहेक्सिडिन. आदल्या रात्री आणि ऑपरेशनच्या सकाळी याने अंघोळ घाला म्हणाली. थिएटरमध्येही कातडीला तेच लावणार का, हे विचारायचं राहिलं.

मी एवढा का खोलात जातोय ते सांगतो. अडीच वर्षांपूर्वी बायकोचं बेंबीच्या हर्नियाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या दवाखान्यात. नाव घेत नाही. आदल्या संध्याकाळी वॉर्डबॉयने येऊन वस्तऱ्याने पोटावरचे केस काढले, दोन ठिकाणी बारीक कापलंही. सकाळी थिएटरमध्ये ते नेहमीचं तपकिरी औषध लावलं. बाहेर आणली तेव्हा पाठीपर्यंत ओघळ आलेले. आठव्या दिवशी खालच्या टाक्यापाशी लाल झालं, दहाव्या दिवशी पू. दोन टाके उघडले आणि आत गॉजची वात भरायला लागली. ३४ दिवस रोज ड्रेसिंग. पहिले बारा दिवस दवाखान्यात नेलं, नंतर मीच शिकलो. आतली वात सुकून चिकटलेली असायची. सलाईनने भिजवून ती ओढताना बायको माझ्या शर्टाची बाही दातात धरायची. तो वास अजून नाकातून गेलेला नाही.

आता आमच्या मेडिकलवाल्याचं म्हणणं, "सर, तपकिरी जुनं झालं, गुलाबीच भारी." शाळेतले एक सहकारी म्हणतात नेमकं उलट. तेव्हा दोनच गोष्टी विचारतो. बायकोच्या वेळी त्या तपकिरी औषधाने दगा दिला का? आणि आईच्या डॉक्टरांना "तुम्ही कुठलं लावता" असं विचारलं तर ते आगाऊपणाचं होईल का?

चिंचेचं_झाड

मास्तर, एवढा विचार करू नका. आमच्याकडे कुठलंही ऑपरेशन असो, आधी आठ दिवस अंघोळीच्या पाण्यात दोन झाकणं डेटॉल आणि घरी आल्यावर टाक्यांवर हळद. आजीच्या मोतीबिंदूपासून माझ्या अपेंडिक्सपर्यंत कुणाला काही झालं नाही. (मोतीबिंदूला हळद लावली नाही, आधीच सांगतो.)

ओटीतली_सिस्टर

मास्तर, हसायचं काय त्यात. मी ३१ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली, त्यातली वीसएक स्क्रब सिस्टर म्हणून, म्हणजे ऑपरेशनला डॉक्टरांच्या हाताशी उभं राहून. थिएटरमधल्या माणसांना हा प्रश्न रोज पडायला हवा. तो घरच्यांना पडतो, हेच नवल.

आधी चिंचेच्या झाडाला: हळद भाजीत घाला. टाक्यांवर घरातलं काहीही नको, पावडर नको, तेल नको, राख तर नकोच. सांगितल्याशिवाय ड्रेसिंग उघडायचं नाही.

आता मास्तरांचं. तुम्ही जे लिहिलंय त्यात माझं लक्ष औषधाच्या रंगाकडे गेलंच नाही. ते गेलं वस्तऱ्याकडे, तोही आदल्या संध्याकाळचा. वस्तरा फिरला की डोळ्यांना न दिसणाऱ्या शेकडो खरचटी पडतात, रात्रभर त्यात पाणी सुटतं आणि सकाळपर्यंत कातडीवरचे जंतू तिथे पोसले जातात. आमच्या एका भूलतज्ज्ञ मॅडमनी ड्रेसिंग रूमच्या फळ्यावर १९७१ च्या एका अमेरिकन अभ्यासाचे आकडे लिहून ठेवले होते: वस्तऱ्याने केस काढलेल्यांत ५.६ टक्के जखमा पिकल्या, क्रीमने काढलेल्या किंवा केस न काढलेल्यांत ०.६ टक्के. कोणी पुसले की त्या पुन्हा लिहायच्या. तरी वॉर्डातून पेशंट वरती यायचा तो गुळगुळीत होऊनच, कारण "तयारी" म्हणजे केस काढणं हे डोक्यात पक्कं बसलेलं. केस अगदी मध्ये येत असतील तर क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशीनने, कापायचे, तेही ऑपरेशनच्या जरासं आधी. नाहीतर राहू द्यायचे. केस असणं म्हणजे घाण असणं नव्हे.

तुमच्या मिसेसच्या जखमेला नेमकं काय झालं ते इथे बसून मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकणार नाही. पण मला पैज लावायची असती तर बाटलीवर लावली नसती.

बाटलीबद्दलही सांगते. पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे तुमचं तपकिरी, त्याचं काम हळूहळू चालतं. पोव्हिडोन हे त्यातलं वाहन. ते आयोडीन थोडं थोडं सोडत राहतं आणि ते सुटलेलं आयोडीन जंतू मारतं. त्याला वेळ हवा. लावून दोनेक मिनिटं वाळू द्यायला हवं. आणि होतं काय? गॅलीपॉटमध्ये, म्हणजे औषधाच्या वाटीत, बोळा बुडवला, गोल गोल फिरवला, आणि तो ओला असतानाच स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढला. का, तर चकचकीत दिसतं म्हणून. जे काम करणार होतं तेच पुसून टाकलं! मग दोष आयोडीनला.

आमच्याकडे एक साहेब होते, हात सोन्यासारखा पण घाई विजेसारखी. हिरवी कापडं अंथरायची म्हणजे ती स्क्रब सिस्टरच्या हातातून जातात. मी ती छातीशी धरून उभी राहायची आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची. "सिस्टर, ड्रेप!" "सर, ओलं आहे." "सिस्टर!" "सर, ओलं आहे." दोन मिनिटं म्हणजे किती मोठी असतात ते तेव्हा कळतं. माझं नावच घड्याळवाली पडलं होतं. साहेब रिटायर होताना मला भिंतीवरचं घड्याळ भेट देऊन गेले, ते अजून स्वयंपाकघरात आहे.

ओलं असल्याची खूणही सोपी असायची. कापडांना खळ असे. ओल्या आयोडीनवर कापड टेकलं की निळेकाळे डाग. धोबी शिव्या द्यायचा. मी म्हणायची, डाग कमी करायचे तर त्याने नव्हे, साहेबांनी थांबायला हवं.

आणि एक, जे कुणी बोलत नाही: अर्धी रिकामी झालेली बाटली पुन्हा भरणं. औषधातच जंतू वाढतात म्हटलं की लोक हसतात. पण असे चिवट जंतू आहेत. अमेरिकेत १९८० च्या सुमारास आयोडीनच्या कारखान्यातूनच आलेल्या बाटल्यांत ते सापडले होते. मी बाटलीवर उघडल्याची तारीख लिहायची आणि वरून भरायला आलेल्याला हाकलायची.

तेव्हा डॉक्टरांना विचारा, पण "कुठलं औषध" हे तिसरं विचारा. पहिलं विचारा, केस कशाने आणि कधी काढणार. दुसरं, आईची साखर किती असली तर तुम्ही पुढे जाणार. आगाऊपणा बिलकूल नाही. जो डॉक्टर यावर चिडेल, त्याच्याकडे गुडघा देऊ नका.

रात्रपाळीचा_रजिस्ट्रार

ऑर्थोमध्ये तिसऱ्या वर्षाला आहे, आत्ताच ड्यूटी संपली, तेव्हा शुद्धलेखन माफ करा. सिस्टर, तुमच्यासारख्या एका सिस्टरचा ओरडा मी आजच खाल्लाय.

औषधांच्या तुलनेचं सांगतो, कारण मेडिकलवाला आणि सहकारी दोघेही अर्धे बरोबर आहेत.

गुलाबीची हवा झाली २०१० मध्ये. अमेरिकेतला ८४९ पेशंटचा अभ्यास आला: क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोल लावलेल्यांत ९.५ टक्के जखमा पिकल्या, आयोडीन लावलेल्यांत १६.१. केवढा फरक! पण बारकाईने बघा. एका बाजूला क्लोरहेक्सिडिन अधिक अल्कोहोल, दुसऱ्या बाजूला पाण्यातलं आयोडीन, त्यात अल्कोहोल नाहीच. म्हणजे दोन पहिलवान एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला. जिंकलं कोण, क्लोरहेक्सिडिन की अल्कोहोल, हे कसं ठरवणार? वर्षानुवर्षं परिषदांत तोच आकडा दाखवून "आयोडीन संपलं" सांगितलं गेलं, याचा मला अजून राग येतो.

दोन्हींत अल्कोहोल घालून तोलल्यावर चित्र गुंतागुंतीचं झालं. २०१६ मध्ये सिझेरियनच्या ११४७ बायकांत क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोल पुढे राहिलं, ४.० विरुद्ध ७.३ टक्के. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हृदयाच्या आणि पोटाच्या ३३६० ऑपरेशनांत दोन्ही जवळपास सारखी, आयोडीन ५.१ आणि क्लोरहेक्सिडिन ५.५. त्याच वर्षी अमेरिका-कॅनडात हाडं मोडलेल्यांचा मोठा अभ्यास आला, तो आम्हा ऑर्थोवाल्यांच्या जवळचा. कातडी न फाटलेल्या फ्रॅक्चरमध्ये चक्क आयोडीन-अल्कोहोल पुढे: २.४ विरुद्ध ३.३ टक्के. हाड बाहेर आलेल्या जखमांत ठळक फरक नाही. मात्र त्यातलं आयोडीन आपल्या नेहमीच्या बाटलीतलं नव्हे. ते अल्कोहोलमधलं, कातडीवर पापुद्र्यासारखं बसणारं वेगळं मिश्रण होतं. शिवाय तो गुडघा बदलण्याचा अभ्यास नव्हता, तेव्हा आईला सरळ लावू नका.

माझ्या मते आपल्याला सर्वात लागू पडणारा अभ्यास कुणी सांगतच नाही. २०२१ चा, सात देशांतल्या ५४ रुग्णालयांतला, त्यात भारतही होता. पोटाची ५७८८ ऑपरेशनं. अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडिन विरुद्ध पाण्यातलं साधं १० टक्के पोव्हिडोन आयोडीन. फरक सापडला नाही. आणि जखम पिकण्याचं एकूण प्रमाण होतं २२ टक्के! पाचातल्या एकापेक्षा जास्त. जिथे इतक्या जखमा पिकतात तिथे प्रश्न बाटलीच्या लेबलाहून मोठा असणार, हे मी माझ्या वॉर्डात रोज बघतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये अल्कोहोलमधल्या क्लोरहेक्सिडिनची शिफारस केली आणि आम्ही गुडघ्याला तेच वापरतो. ते कातडीला चिकटून राहतं, तासन् तास काम करतं. रक्त लागलं की आयोडीन लवकर निकामी होतं, क्लोरहेक्सिडिन तसं होत नाही. पण ते डोळ्यांजवळ, कानात किंवा मेंदूच्या आवरणाशी चालत नाही. त्यामुळे मोतीबिंदूला आजही आयोडीनच, ५ टक्क्यांचं. चिंचेच्या झाडाच्या आजीला तेच घातलं असणार.

आणि मास्तर, साखर. तीन महिन्यांची सरासरी, एचबीएवनसी, आमच्याकडे ८ च्या वर असेल तर आम्ही तारीख पुढे ढकलतो. अँटिबायोटिकचं इंजेक्शन चीर देण्याआधी तासाभरात जायला हवं, नंतर आठवडाभर गोळ्या खाऊन त्याची भरपाई होत नाही.

कोकणकडा

एक शंका. माझ्या आईला कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी आहे. आमच्याकडे दवाखान्यात "मासे चालत नाहीत म्हणजे आयोडीन चालणार नाही" म्हणून फाइलवर लाल शाईने लिहिलं. हे खरं का?

रात्रपाळीचा_रजिस्ट्रार

नाही. ती ॲलर्जी कोळंबीतल्या प्रथिनाची असते, आयोडीनचा त्यात संबंध नाही. आयोडीन लावून कधी चट्टे उठले असतील तर ती वेगळी गोष्ट, ते जरूर सांगा. उलट क्लोरहेक्सिडिननेही क्वचित जोरदार ॲलर्जी येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. तोंडाच्या गुळण्यांच्या औषधातही ते असतं. गुळण्या केल्यावर ओठ सुजले असतील तर भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगा, लोक हे सांगतच नाहीत.

ओटीतली_सिस्टर

डॉक्टर, आकडे छान सांगितलेत, पण अल्कोहोलचं कौतुक करताना आगीचं विसरलात. मांडीखाली साचलेलं स्पिरिट आणि वरून कॉटरीची (रक्तवाहिन्या जाळून बंद करायच्या विजेच्या यंत्राची) ठिणगी, मी एकदा पाहिलंय. ओटीच्या दिव्याखाली ज्वाळा दिसतच नाही. मला कापड आपोआप काळं पडताना दिसलं, मग कळलं. सलाईन ओतून विझवलं. पेशंटच्या मांडीवर तळहाताएवढा भाजल्याचा डाग राहिला. म्हणून तिथे तीन मिनिटं वाळू द्यायचंच आणि साचलेलं टिपून घ्यायचं. गुडघ्याला तर मांडीवर रक्त थांबवायचा पट्टा असतो. औषध ओघळून त्या पट्ट्याखाली गेलं की कातडी भाजते, तिथे आधीच आडोसा लावून ठेवायचा.

मास्तर, आता आईचं घरचं. गुलाबीने अंघोळ म्हणजे मानेपासून खाली, डोळे-कान-तोंड सोडून. चोळून मिनिट-दोन मिनिटं ठेवायचं, मग पाणी. त्यानंतर कातडीला काही लावायचं नाही. तुमच्या आई गुडघ्याला महानारायण तेल चोळत असतील. (बार्शीच्या आणि गुडघा दुखतोय म्हणजे चोळतच असतील.) त्या दोन दिवसांत ते बंद. कुणी बिब्बा घालायला सांगितला असेल तर आत्ताच बघून घ्या. बिब्ब्याचा फोड गुडघ्यावर घेऊन आलेल्या दोन बायकांना आम्ही टेबलावरून परत पाठवलंय.

आणि पायाची बोटं बघा. जोडव्यांखाली. चाळीस वर्षं न काढलेल्या जोडव्यांखाली कातडी पांढरी पडून चिरलेली असते, बोटांच्या बेचक्यात बुरशी असते. ती एका दिवसात जात नाही, म्हणून आत्ता सांगतेय. वरून कितीही रंगवा, पाय सगळा तयार करायचा असतो, बोटांपर्यंत.

बार्शीचा_मास्तर

सिस्टर, तुम्ही आमच्या घरात येऊन गेलात की काय? तेलाची बाटली उशाशी, बिब्बा नाही, पण जोडवी... आज संध्याकाळी चष्मा लावून बघितलं. उजव्या पायाच्या दोन बोटांत चीर आहे, भुसा भरल्यासारखं पांढरं. आई म्हणते, "ते पावसाळ्याचं आहे, होतं." जोडवी साबण लावूनही निघेनात. तोडायची म्हटलं तर आई रडायलाच लागली. बाबा आहेत ना अजून, म्हणून.

ओटीतली_सिस्टर

सोनाराला घरी बोलवा, दवाखान्यात नको. आणि तोडताना बाबांना शेजारी बसवा. तेच म्हणू देत, "मी सांगतो, काढ." तुम्ही सांगून व्हायचं नाही. बोटांचं औषध डॉक्टरांना दाखवून सुरू करा.

बार्शीचा_मास्तर

बऱ्याच महिन्यांनी येतोय. तारीख एकदा पुढे गेली, साखरेमुळे, ८.९ निघाली होती. डॉक्टरांनी स्वतःहून ढकलली, मला विचारावंही लागलं नाही. वस्तऱ्याचं विचारलं तर म्हणाले, "आमच्याकडे वस्तराच नाही, क्लिपर आहे." औषध कुठलं ते विचारायचं शेवटी राहूनच गेलं.

जोडवी बाबांनी सांगितल्यावर सोनाराने काढली, आता त्याची नवीन घडवायला टाकलीत, सैल मापाची. बोटांची चीर तीन आठवड्यांत भरली.

परवा बारावा दिवस होता, टाके निघाले. कोरडे. मी इतका वाकून बघत होतो की डॉक्टर म्हणाले, "सर, उजेड अडवताय."

आईला कमरेतून भूल होती, त्यामुळे थिएटरमध्ये जागी होती. मध्ये पडदा लावलेला, दिसत काही नव्हतं, माळ काढून घेतलेली, म्हणून बोटांवर विठ्ठल विठ्ठल मोजत होती. घरी आल्यावर बाबांना सांगत होती: "पायाला काय ते लावलं म्हणे, आणि मग सगळे गपच उभे. मी दीड माळ मोजली. शेवटी डॉक्टर म्हणाले, सिस्टर, आता तरी द्या कापड. तर ती पोरगी म्हणाली, थांबा सर, अजून ओलं आहे."